ट्रॅव्हिस बिकल म्हणजे तुमचे आबा नव्हेत

‘टॅक्सी ड्रायव्हर’ या १९७६ सालच्या सिनेमावर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्यातला नायक ट्रॅव्हिस बिकल म्हणजे फौजेतून सुटून रात्री टॅक्सी चालवणारा माणूस. मथळा : ‘युद्धावरून आलेला माणूस म्हणजे पिन काढलेला हातबॉम्ब’. सिनेमावाल्यांच्या ग्रुपात फिरला असता तर सोडून दिलं असतं. पण तो पोचला आबांच्या घरच्या ग्रुपवर. आबा म्हणजे अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेले सुभेदार. खाली धाकट्या सुनेनं विचारलं होतं, ‘आबा रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात, ते हेच का?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड म्हणतो, ही सत्यकथा आहे. आर्थर ब्रेमर नावाचा सैनिक व्हिएतनामहून वेडा होऊन परतला आणि त्यानं एका नेत्यावर गोळ्या झाडल्या. ब्रेमरनं १५ मे १९७२ला मेरीलँडमधल्या लॉरेल इथं अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे खरं. वॉलेस कमरेखाली कायमचे लुळे झाले. पण ब्रेमर कधी फौजेतच नव्हता! मिलवॉकीचा एकवीस वर्षांचा पोरगा, हॉटेलात टेबलं पुसायचा. पटकथा लिहिणारा पॉल श्रेडरही व्हिएतनामला गेलेला नाही. त्या काळात तो गाडीतच राहत होता, दिवसेंदिवस कुणाशी बोलणं नाही, पोटात अल्सर. तो एकटेपणा त्यानं कागदावर उतरवला. आणि सिनेमा डोक्यात घेऊन ३० मार्च १९८१ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली? तोही सैनिक नव्हता. म्हणजे या सिनेमाशी ज्यांची नावं जोडली जातात, त्या तिघांपैकी एकानंही युद्ध पाहिलेलं नाही. फॉरवर्डचं तात्पर्य मात्र फौजी माणसावर.

‘नायकाला जंगलातल्या लढाईची दृश्यं आठवतात तेव्हा अंगावर काटा येतो.’ हे वाक्य वाचून कळलं की लिहिणाऱ्यानं सिनेमा पाहिलेलाच नाही. त्यात लढाईचं एकही दृश्य नाही. टॅक्सीच्या नोकरीसाठी आलेला ट्रॅव्हिस मरीन दलात होतो, मे १९७३ मध्ये सन्मानानं मुक्त झालो, एवढं सांगतो. बाकी एक जाकीट आणि पाठीवरचा एक व्रण. संपलं युद्ध.

‘पिन काढलेला बॉम्ब’ ही उपमासुद्धा सिनेमाला लागू पडत नाही. ट्रॅव्हिस अचानक फुटत नाही. आधी त्याला आवडणारी बेट्सी त्याला झिडकारते, कारण हा तिला पहिल्याच सिनेमाला घेऊन जातो तो अश्लील चित्रपटाच्या थेटरात. मग तो चार बंदुका विकत घेतो, रोज सकाळी पन्नास जोर आणि पन्नास पुल-अप काढतो, ड्रॉवरची सरकपट्टी कापून बाहीत छोटं पिस्तूल बसवतो, आरशासमोर तालीम करतो. त्याचा पहिला नेम असतो तो बेट्सी ज्याचा प्रचार करते त्या उमेदवारावर. तिथून पळावं लागतं, म्हणून तो वेश्यावस्तीतल्या दलालाकडे वळतो. सगळं ठरवून केलेलं. ‘युद्ध आठवलं आणि सुटला’ असं त्यात काहीही नाही.

आता खरी संतापजनक ओळ : ‘अशा माणसांना पीटीएसडी असतो, ते खुनी होतात, म्हणून माजी सैनिकाला खोली भाड्यानं देऊ नका, रात्रपाळीला ठेवू नका.’

पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मागे लागणारा मानसिक आजार. हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, म्हणजे सिनेमानंतर चार वर्षांनी. आणि व्हिएतनामहून परतलेल्यांचं काय झालं हे अंदाजानं सांगायची गरजच नाही. अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून त्यांची देशभर पाहणी झाली. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिचे आकडे आले : तिथं गेलेल्या पुरुषांपैकी १५.२ टक्क्यांना पाहणीच्या वेळी पीटीएसडी होता. पुढे २००६मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात तीच माहिती लष्करी नोंदींशी ताडून पाहिली, तर आकडा ९.१ टक्क्यांवर आला. मोठाच आकडा आहे, पण ‘सगळेच’ नव्हे.

फॉरवर्डला अर्धा गुण द्यावा लागतो, नाइलाजानं. त्याच पाहणीत पीटीएसडी असलेल्यांमध्ये चिडचिड, मारामारी आणि अटक यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. पण गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले किती? त्या आजारी गटातले ११.५ टक्के. हिशेब करा : हजार जणांत १५२ आजारी, त्यांतले दोषी सतरा-अठरा. आणि ‘गंभीर गुन्हा’ म्हणजे खूनच नव्हे, त्यात चोरी आणि अमली पदार्थही येतात. एवढ्यावरून उरलेल्या नऊशे ऐंशी जणांना खोली नाकारायची?

या आजारात बहुतेक माणसं आठवण जागी करणाऱ्या जागा, आवाज, गर्दी टाळतात, घरात मिटून राहतात. ट्रॅव्हिस ‘कधीही, कुठंही’ म्हणत शहराच्या सगळ्यात वाईट गल्ल्यांत संध्याकाळी सहा ते पहाटे सहा गाडी फिरवतो. त्याच्यावरून निदान शिकायला जाणं म्हणजे ‘शोले’ बघून पोलीस खात्याचे नियम शिकण्यासारखं.

‘रात्री झोपेची गोळी देत जा’ हा सल्ला तर सरळ धोकादायक. बेन्झोडायझेपीन गटातल्या गोळ्या पीटीएसडीला देऊ नयेत, असं अमेरिकी लष्कराच्या आणि माजी सैनिक खात्याच्या उपचार-सूचनाच सांगतात. सवय लागते, मूळ त्रास तसाच राहतो, आणि वर दारू असेल तर श्वास मंदावतो. ज्यानं फरक पडतो ती आहे बोलून करायची उपचारपद्धती, साधारण बारा बैठकांची. आठवण टाळण्याऐवजी तज्ज्ञासमोर ती नीट उलगडायची. सोबत सर्ट्रालिनसारखं औषध, डॉक्टरांनी दिलं तरच. आणि घरात कुणी झोपेत दचकत असेल तर हलवून उठवू नका, पायाकडच्या बाजूनं लांबून नाव घेऊन हाक मारा.

बाकीचं झटपट. ट्रॅव्हिसच्या भूमिकेसाठी रॉबर्ट डी नीरोला ऑस्कर मिळालं नाही, नुसतं नामांकन. ते गेलं पीटर फिंचला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मात्र सिनेमाला मिळाला. ‘बारा वर्षांच्या जोडी फॉस्टरकडून सगळं करून घेतलं’ : ती यात वेश्या झालेली पोर. वय बरोबर, पण नको त्या प्रसंगांत तिच्या जागी तिची मोठी बहीण कॉनी उभी राहिली. शेवटच्या हाणामारीचा फिका, तपकिरी रंग हा प्रिंटचा दोष नाही. ‘एक्स’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र टळावं म्हणून दिग्दर्शक स्कोर्सेसीनं रक्ताचा लाल रंग मुद्दाम उतरवला. ‘शेवटी तो बरा होतो’ हेही चूक. टॅक्सीच्या आरशात तो काहीतरी बघतो तेव्हा येणारा तो उलटा वाजवलेला सूर संगीतकार बर्नार्ड हरमनचा, आणि तो बरं झाल्याचा नाही.

सूनबाईंसाठी : टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, फुकट. फौजेतल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. दचकून उठणं, घाम, तीच तीच स्वप्नं महिन्याहून जास्त चालली असतील तर फोन करा. नुसत्याच फेऱ्या असतील, तर सत्तरीतल्या माणसाची आधी साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या.