चार माणसांत

"चार माणसांत राहिलास की माणसात येशील," असं म्हणून बाबांनी मला चिपळूणहून पुण्याच्या एसटीत बसवून दिलं. घरात मी एकुलता एक. खोली स्वतंत्र, आंघोळीला कढत पाणी आयतं काढलेलं. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर पोचलो (कुठल्या ते विचारू नका, डिपॉझिट अजून परत यायचंय) तर बाबांचा आकडा तंतोतंत खरा निघाला. खोली तिघांची, खाटा तीन, राहणारे चार.

चौथे म्हणजे सर. हॉस्टेलच्या भाषेत पॅरासाइट. नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, गादी मात्र आमच्या फरशीवर. सर एमपीएससी करायचे. पेठेतल्या कॉटचं भाडं, अभ्यासिकेची फी आणि मेसचं बिल हे तिन्ही एकदम झेपत नाही, म्हणून त्यांनी भाडं वगळलं होतं. दरवर्षी पूर्व निघायची, मुख्य अडायची. ज्या मित्राच्या भरवशावर ते आले तो कधीच पास होऊन गेला. खोली आम्हाला मिळाली तेव्हा भिंतीतल्या कपाटासारखे सरही सोबत आले. मेसवाल्या काकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ओळखत. मला कुणीच नाही.

रविवारी रात्री मेस बंद असते, हे मला उपाशी झोपून कळलं. पण ते किरकोळ. खरं शिक्षण झालं ते डिसेंबरात, बाथरूमच्या दाराशी.

गच्चीवर सोलर होता. पाणी तापायचं, यात शंका नाही. पण रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आधी बाहेर यायचं, आणि ते बर्फाच्या कारखान्यातून आल्यागत असायचं. म्हणजे पहिला गार पाण्यानं न्हाणार, दुसरा कोमट आणि तिसऱ्याची दिवाळी. सातव्या-आठव्यापर्यंत टाकी संपलेली. त्यामुळे पहाटे पाचला दाराशी बादल्यांची रांग आणि रांगेमागे चादरी पांघरलेली पोरं. सगळ्यांनाच तिसरं जायचं असल्यानं पहिला कुणीच जाईना.

"तुम्ही व्हा पुढं."

"छे छे, तुम्ही आधी आलात."

इतकं सौजन्य मी पुण्यात पुन्हा कुठे पाहिलं नाही.

रांगेचेही कायदे होते. दुसऱ्याची बादली हातानं उचलणं हे पाप. पायानं सरकवली तर चालतं, कारण पाय काय, कुणाचाही लागतो. आल्या आल्या मी "एक्सक्यूज मी, ही आपली बादली का?" असं विचारायचो. दिवाळीनंतर "ए, कुणाची रे ही?" असं ओरडून, उत्तर यायच्या आत पायाचं काम उरकू लागलो. फोनवर माझा आवाज ऐकून आई म्हणाली, "घसा बसलाय का रे?" बसला नव्हता, उघडला होता.

शेवटी आम्ही वर्गणी काढून पाणी तापवायची कॉइल आणली. कॉइलला बंदी, सापडली की जप्त. आमचा लातूरवाला फिजिक्सचा. त्यानं कागदावर गणित मांडलं. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायची, कॉइल १५०० वॅटची, म्हणजे २३ मिनिटं. "आणि हे बघ, प्लग ५ अँपिअरचा हाय, ही साडेसहा ओढती."

"मंग काहून आणली बे?" वर्ध्याच्या पार्टनरनं विचारलं.

"शास्त्र येगळं, थंडी येगळी."

पहिल्याच पहाटे शास्त्र जिंकलं. फ्यूज उडून अख्खी विंग अंधारात. फ्यूजची तार कुठली नि किती जाडीची, हे सरांना पाठ होतं. ती त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात घातली आणि आम्ही पुन्हा कॉइल लावली. विसाव्या मिनिटाला दारावर थाप पडली. रेक्टर!

लातूरवाला पांघरुणात शिरला, वर्ध्याचा खाटेखाली. मी बनियनवर, टॉवेल गुंडाळून, वाफाळत्या बादलीशेजारी उभा. सर शांतपणे उठले, चष्मा लावला, दार उघडलं.

"या सर. एवढ्या थंडीत आपण कशाला आलात, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"फ्यूज बघायला आलो होतो," रेक्टर म्हणाले. मग बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वरपासून खालपर्यंत. "आणि हा कोण? पॅरासाइट?"

माझं आयकार्ड कपाटात, कपाटाची किल्ली पँटीत आणि पँट दोरीवर. तोंडातून शब्द फुटेना. बादलीच्या रांगेत उघडलेला घसा इथे कामाला आला नाही.

"नाही सर," सर म्हणाले, "मुलगा इथलाच आहे. चिपळूणचा. नवीन आहे, शिकेल हळूहळू."

"तुम्ही म्हणताय म्हणून सोडतो," रेक्टर म्हणाले, आणि कॉइल काढून, जप्तीच्या वहीत साक्षीदार म्हणून त्यांनी सरांचीच सही घेतली.

बादली तापलेली होतीच. सरांनी ती उचलली आणि आंघोळीला निघून गेले.