जेसन स्ट्रिंगिफायने भागतं तर प्रॉक्सी कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट बदललाय का हे बघायला जुन्या आणि नव्या ऑब्जेक्टचं जेसन स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे त्याचा मजकूर (स्ट्रिंग) बनवून, दोन स्ट्रिंग्ज ताडून बघितल्या की झालं, प्रॉक्सीचं (ऑब्जेक्टभोवतीचं वेष्टन, जे त्यावरचं वाचणं-लिहिणं मध्येच पकडतं) एवढं रामायण कशाला, आणि वर ती प्रॉक्सी नेस्टेडला, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतल्या ऑब्जेक्टला, चालतच नाही.

छोटा फॉर्म असेल, आत नुसते स्ट्रिंग आणि नंबर असतील आणि सेव्ह करण्याआधी काही बदललंय का एवढंच बघायचं असेल तर तुमची पद्धत मीही बिनधास्त वापरतो. पण मी लिहिलं होतं ते काय बदललं, कुठे बदललं आणि बदललं त्याच क्षणी कसं कळेल याबद्दल. स्ट्रिंगमधून फक्त काहीतरी बदललं एवढंच कळतं, तेही तुम्ही जाऊन विचाराल तेव्हा.

आणि तेही दरवेळी खरं नसतं हो. एखाद्या कीची, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या नावाची, व्हॅल्यू अनडिफाइन्ड असेल तर ती की स्ट्रिंगमध्ये येतच नाही, म्हणजे ठेवली काय नि डिलीट केली काय, स्ट्रिंग तीच. नॅनचं (नंबर न ठरणारी व्हॅल्यू) नल होतं. मॅप आणि सेट हे नोंदींचे संग्रह कितीही भरलेले असू देत, रिकामा कंस उमटतो, म्हणजे मॅपमध्ये 100 नोंदी टाकल्या तरी तुमचा चेक म्हणणार बदल नाही. उलट डेटा तोच पण कीजचा क्रम वेगळा असेल तर उगाच बदल दाखवणार. सर्क्युलर रेफरन्स (फिरून स्वतःकडेच येणारा ऑब्जेक्ट) किंवा बिगइंट (खूप मोठा पूर्णांक) असेल तर टाइपएरर येतो, ते परवडलं, निदान कळतं तरी. बाकीचे सगळे गुपचूप चुकतात आणि मला भीती त्यांचीच वाटते.

आता प्रॉक्सी. सेटिंग्ज डॉट थीम डॉट कलर बदलला तर सेट ट्रॅप, म्हणजे प्रॉक्सीवर काही लिहिलं की चालणारं फंक्शन, चालला नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कारण प्रॉक्सीवर फक्त थीमचा गेट (वाचणं) होतो, त्यातून मूळ थीम ऑब्जेक्ट हातात येतो आणि कलर त्या उघड्या ऑब्जेक्टवर लिहिला जातो, प्रॉक्सीला पत्ताच नाही. म्हणून गेट ट्रॅपमध्येच आतला ऑब्जेक्ट प्रॉक्सीत गुंडाळून परत द्यायचा, आणि केलेली प्रॉक्सी वीकमॅपमध्ये (ऑब्जेक्टवरून त्याची नोंद शोधायचा संग्रह) ठेवायची, नाहीतर दरवेळी नवी प्रॉक्सी बनते आणि तोच थीम दोनदा घेऊन ट्रिपल इक्वलने दोन्ही एकच आहेत का बघितलं तर फॉल्स येतं. डिलीटसाठी वेगळा ट्रॅप लागतो. अ‍ॅरेवर पुश केलं की सेट दोनदा चालतो, एकदा इंडेक्ससाठी, एकदा लेंग्थसाठी, ते बघून घाबरू नका. डेट (तारखेचा ऑब्जेक्ट) मात्र गुंडाळू नका, गेटटाइम कॉल केलं की टाइपएरर. व्ह्यू या वेब फ्रेमवर्कच्या 3 ची रिअ‍ॅक्टिव्हिटी (डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलणं) अशीच प्रॉक्सीवर चालते. व्ह्यू 2 मध्ये त्याजागी डिफाइनप्रॉपर्टी होतं, म्हणजे आधीपासूनच्या एकेका कीवर पहारा, त्यामुळे नंतर जोडलेली की त्याला कळायचीच नाही.

रिअ‍ॅक्टमध्ये (स्क्रीन बनवायची लायब्ररी) काम करत असाल तर दोन्ही सोडा. जागच्या जागी बदल न करता बदललेल्या जागेपर्यंतच्या प्रत्येक लेव्हलची नवी कॉपी करा, बाकीच्या फांद्या तशाच राहू द्या, मग जिथे रेफरन्स वेगळा तिथेच बदल, आत उतरून शोधायची गरजच नाही.