निवडून न येता सरपंच कसे व्हावे

सर्वप्रथम अभिनंदन. वहिनी निवडून आल्या, म्हणजे तुम्ही सरपंच झालात. गुलाल तुमच्या डोक्यावर पडला, हार तुमच्या गळ्यात पडले, डीजेच्या गाडीवर तुम्हीच चढलात. वहिनी तेव्हा मागच्या दारी आलेल्या-गेलेल्यांचा चहा उकळत होत्या. त्यामुळे निवडून नेमकं कोण आलंय, याबद्दल गावात कुणाचाही गोंधळ उडाला नाही.

नेता जन्मावा लागतो की घडवावा लागतो, हा वाद मोठमोठ्या मॅनेजमेंट कॉलेजांत अजून चालू आहे. तुमच्यापुरता तो आरक्षणाच्या सोडतीनं मिटवला. चिठ्ठी निघाली ‘सर्वसाधारण महिला’, आणि चार वर्षं उभे राहण्याची तयारी करणारे तुमचे सगळे स्पर्धक कपाळाला हात लावून बसले. तुम्ही नाही बसलात. आपल्या घरातही एक महिला आहे, हे तुम्हाला त्याच संध्याकाळी आठवलं. संधी ओळखणं म्हणतात ते हेच.

आता कारभाराकडे वळू. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानं २०११ साली तो वाटा वाढवून एकूण जागांच्या निम्म्यावर नेला. बायका पुढे याव्यात असा त्यामागचा हेतू होता म्हणे. येऊ द्या की पुढे. फ्लेक्सवर पुढे, ध्वजारोहणाच्या फोटोत पुढे, आमदारांना ओवाळायला तर सगळ्यांत पुढे. मागे राहून ओझं वाहायला तुम्ही आहातच.

ग्रामपंचायतीत ‘सरपंच’ पाटीमागच्या खुर्चीवर बिनधास्त बसा. नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये, असं शासनानं वेळोवेळी बजावलंय, ते कागद कपाटात सुरक्षित आहेत. बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी साहेब येणार असतील त्या दिवशी तेवढं शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सरकायचं आणि म्हणायचं, “मी सहज आलो होतो.” पंतप्रधानांनी २०१५ साली पंचायती राज दिनाला सांगितलं होतं की ही सरपंचपतींची पद्धत बंद झाली पाहिजे. पुढे २०२३ मध्ये केंद्रानं याच विषयावर समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यात कडक शिक्षेची शिफारस आहे. घाबरायचं कारण नाही. शिफारशीचं वजन तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही स्वतः किती जणांना शिफारसपत्रं दिलीत!

सहीचा प्रश्न पूर्वी अवघड होता. कोऱ्या चेकबुकावर बायकोकडून सह्या करून घ्यायच्या, त्यात एखादी वाकडी आली की बँकेत चकरा. आता केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन जातात आणि त्याला सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), दोघांची डिजिटल सही लागते. पारदर्शकता यावी म्हणून ही सोय झाली. आणि सोय खरंच झाली, कारण सरपंचाची सही आता तुमच्या शर्टाच्या खिशात मावते. त्या सहीचं डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी चावी, तुमच्याकडे, पिन तुमच्या मोबाइलमध्ये ‘गॅस बुकिंग’ नावानं सेव्ह केलेला, ओटीपी येतो तो नंबरही तुमचाच. वहिनींना कष्ट म्हणून नाहीत.

ग्रामसभेलाही फार घाबरू नका. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमावे लागतात. नाही जमले की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे नेत्याच्या अंगी संयम हवा. पहिल्या तारखेला वाट बघायची, दुसऱ्या तारखेला ठराव करायचे. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, ग्रामसेवक भाऊसाहेब नंतर निवांत लिहितील.

इथवर सोपं आहे. खरी जोखीम वेगळीच आहे, आणि तिच्याकडे भले भले सरपंचपती दुर्लक्ष करतात. वहिनी शिकतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती कागदावरच घ्या. खरोखर घेतलीत तर पंचवीस-तीस बायका येतील, पाण्यावर बोलतील, आणि वहिनींना त्यांना उत्तर द्यावं लागेल. एकदा उत्तर दिलं की दुसऱ्यांदा त्या उत्तराची तयारी करून जातील. सरपंचांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं तर मुलांच्या परीक्षेचं कारण सांगा. तिथं काय शिकवतात त्याची भीती नाही. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या गावच्या सरपंच बायका भेटतात, आणि त्यांतली एखादी सहज विचारते, “तुमचं डोंगल कुणाकडं असतं हो?”

बचत गटाचं तर विचारूच नका. तुम्ही त्याला बायकांचा टाइमपास समजत होता. तिथं वहिनींनी वर्षानुवर्षं महिन्याचे पैसे गोळा केले, कर्ज कुणाला द्यायचं ते ठरवलं, सख्ख्या जावेला ‘आधीचं फेड, मग बघू’ असं तोंडावर सांगितलं आणि तरी जावेशी बोलणं टिकवलं. बँकेच्या साहेबांसमोर बसून पासबुकातली चूक दाखवली. याला अनुभव म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळा. अनुभव म्हणजे तुम्ही तालुक्याला साहेबांच्या गाडीमागे गाडी लावता तो.

कारण एकदा का हा हिशेबाचा हात ग्रामपंचायतीच्या कागदाला लागला की आवरत नाही. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. आता पाण्यातलं तुम्हाला काय माहीत? ठेकेदाराचा नंबर. वहिनींना मात्र कुठल्या आळीत नळ किती वाजता सुटतो, कुणाच्या घरी दुसऱ्या हंड्यालाच धार बारीक होते, सगळं पाठ. मग एका रात्री भाकरी थापता थापता त्या विचारतात, “अहो, विहिरीवरची मोटर दिवाळीत जळली, तेव्हाच नवी घेतली होती ना? मग शिमग्याला परत नवी कशी घेतली?” अशा वेळी रागावू नका. “तुला नाही कळायचं” म्हणा. हे वाक्य एकदाच चालतं, म्हणून जपून वापरा.

आणि हो, विटनेरचं नाव घरात काढू नका. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात १९८९ साली शेतकरी संघटनेच्या पुढाकारानं अख्खी ग्रामपंचायतच बायकांची निवडून आली होती, ७३वी घटनादुरुस्ती यायच्या आधी. आरक्षणामुळे नाइलाजानं बायका येतात, हे तुमचं पारावरचं भाषण त्यानं बिघडतं.

पाच वर्षं कशीबशी निभावलीत, तर पुढची सोडत आहेच. जागा खुली झाली की तुम्ही पेढे वाटाल, स्वतःच्या नावाचे फ्लेक्स छापायला टाकाल. फक्त एक बारीकशी गोष्ट आधी बघून ठेवा. सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांसाठी राखीव जागा नव्हे, तिथं वहिनींनाही उभं राहता येतं. उद्या त्यांनी अर्जाला काय काय कागद जोडावे लागतात असं विचारलं, तर माहीत नाही असं म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही. मागच्या वेळी त्यांचा अर्ज तुम्हीच भरला होता.