गोळीतलं कॅफिन आणि माझं डोकं

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत डोकं दुखायला वेगळं कारण लागत नाही. तरी कॉलेजने मला एक दिलंच: डोकेदुखीच्या गोळीत कॅफिन किती, ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनवर, मोजायचं. पाकिटावर ठळक छापलंय, 50 मिलिग्रॅम. पण आमच्या गाईड सरांचा छापील शब्दावर विश्वास नाही.

वीस गोळ्या तोलायच्या, खलात कुटायच्या, पूड पुन्हा तोलायची, विरघळवायची, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) ठेवायची, मग 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची. एवढ्यात माझं डोकं ठणकायला लागलं. समोर वीस गोळ्यांचं पीठ, आणि चिमूटभर चाटायची सोय नाही!

मशीन म्हणजे तर सणाला आलेला जावई. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि आलं की तांब्या-पेलेसुद्धा भरून ठेवतात, तिथं ह्याला खास पाणी लागतं. त्यात मिथेनॉल, तेही गाळून, हवा काढून. तरी पंपात बुडबुडा शिरला की प्रेशर खालीवर, आणि साहेब रुसले. मग पर्ज करत, म्हणजे नळ्यांतली हवा बाहेर काढत बसा.

रुसवा निघाला. 20 मायक्रोलिटर नमुना आत सोडला. सी18 कॉलममधून, म्हणजे घटक एकेक करून सोडणाऱ्या नळीतून, आधी गोळीतलं पॅरासिटामॉल सुटलं. कॅफिन कॉलमला बिलगत, रेंगाळत मागून येतं. 273 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर आलेखात त्याचं पीक, म्हणजे शिखर, वर चढू लागलं, मी श्वास रोखला, आणि लाईट गेली.

"मामा, यूपीएस?"

"त्याची बॅटरी दिवाळीपास्नं बसलीय की."

लाईट आल्यावर डिटेक्टरचा दिवा तापेपर्यंत, बेसलाईन (आलेखाची तळरेघ) सरळ होईपर्यंत नुसतं बघत राहायचं. प्रयोगशाळेत चहाला बंदी. नियम बरोबरच आहे म्हणा, कपातलं कॅफिन नमुन्यात उतरलं तर गोळीवाल्याचं भलं होईल. संध्याकाळी एकदाचं पीक मिळालं. सर म्हणाले, "एकावर काय कळतंय? स्टँडर्डची (माहीत असलेल्या मापाच्या शुद्ध कॅफिनची) सहा इंजेक्शनं मार. आरएसडी (सहा आकड्यांतली तफावत) 2 टक्क्यांच्या आत पाहिजे."

रात्री उशिरा घरी पोचलो. आईने भाकरी-शेंगाचटणी पुढ्यात ठेवली.

"निघालं का रे ते तुझं?"

"निघालं. 49.6 मिलिग्रॅम."

"पाकिटावर तर 50 होतं म्हणालास. उरलेलं कुठं गेलं? दुकानदाराला विचारलास का?"