‘खोटा’ आणि ‘बनावट’: धरमपेठेतल्या काकाजींना उत्तर

काकाजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा जेवण झाल्यावर. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खोट्या आरोपांसाठी इंग्रजीत जे वेगवेगळे शब्द आहेत त्यांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. कोर्टात स्टेनो म्हणून हयात घालवलेल्या माणसाच्या अधिकाराने तुम्ही मला तीन फटके दिलेत. एक, ‘ट्रम्प्ड-अप’चा (म्हणजे मुद्दाम रचलेला) पत्त्यांतल्या हुकमाशी मी जोडलेला संबंध चुकीचा आहे. दोन, फॉल्स (खोटा), फॅब्रिकेटेड (बनवलेला), अनफाउंडेड (निराधार) हे सगळं एकच. आरोप खोटा म्हटलं की विषय संपला, उगाच शब्दांचा कीस पाडू नये. तीन, मराठीत असे शब्द नाहीत असं मी सुचवलं आणि मायबोलीला गरीब ठरवलं.

पहिला फटका निमूट खातो. हुकमाच्या पानाचा ‘ट्रम्प’ हे ‘ट्रायम्फ’चं झिजलेलं रूप. ‘ट्रम्प्ड-अप’मधला ट्रम्प वेगळा, त्याचं माहेर फ्रेंचमधल्या ‘फसवणे’ या अर्थाच्या क्रियापदात. (आणखी एकाने विचारलंय म्हणून: अमेरिकेच्या अध्यक्षांचा इथे काही संबंध नाही. त्यांच्या जन्माआधी दोनशे वर्षं हा शब्द वापरात होता.) मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा फटका मात्र परत करतो.

गणेश चतुर्थीला चंद्र का बघायचा नाही, हे आपल्याला लहानपणी आजीने सांगितलेलं असतं. चोरीचा आळ येतो. कृष्णावर स्यमंतक मण्याचा आला तसा. आता त्या गोष्टीतला सत्राजित बघा. भाऊ प्रसेन मणी घालून शिकारीला गेला आणि परतला नाही. कृष्णाने तो मणी आधी मागितला होता. सत्राजिताने दोनात दोन मिळवले आणि कृष्णाकडे बोट दाखवलं. प्रसेनाला सिंहाने मारलं, सिंहाला जांबवंताने, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? आरोप शंभर टक्के खोटा होता, पण त्याने तो रचला नव्हता. खरं कळल्यावर तो शरमला आणि मणी घेऊन कृष्णाच्या दारी गेला. कुभांड रचणारा माणूस असं करत नाही. इंग्रजीत सत्राजिताच्या आरोपाला ‘अनफाउंडेड’ म्हणता येईल, ‘फॉल्स’ तर नक्कीच. ‘ट्रम्प्ड-अप’ म्हटलं तर मात्र सत्राजितावर अन्याय होईल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या वस्तीच्या गणेश मंडळात एका वर्षी वर्गणीचा हिशेब दोन हजार शंभर रुपयांनी जुळेना. पावती पुस्तक माझ्याकडे होतं, त्यामुळे खजिनदारांनी भर बैठकीत माझं नाव घेतलं. चार दिवस मी कुणाच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. मग कुणीतरी पुस्तक उन्हात धरलं आणि दिसलं की मधली दोन पानं प्रसादाच्या पाकाने एकमेकांना चिकटली आहेत. ओल्या बोटाने सोडवली, आत दोन्ही स्थळप्रती शाबूत, बेरीज बरोब्बर. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात चिटणीसाने लिहिलं, ‘सदर आरोप बनावट असल्याचे सिद्ध झाले.’ खरं सांगतो, मला ते वाचून फार गोड वाटलं. खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मंग मी का बनवून आणला होता का? मले दिसून नाही राहिलं होतं, म्हणून बोललो.”

सगळे गप्प. कारण आता आरोपी ते झाले होते. ‘बनावट’ खोडून ‘गैरसमजातून झालेला’ असं लिहिलं गेलं, आणि ती खाडाखोड मला तेव्हा अजिबात आवडली नव्हती.

काकाजी, माझं म्हणणं एवढंच आहे. ‘आरोप खोटा आहे’ हे आरोपाबद्दलचं विधान झालं. ‘आरोप फॅब्रिकेटेड आहे’ म्हटलं की तो आरोप करणाऱ्यावरचा नवा आरोप होतो, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

आणि हे तुम्हाला मी सांगावं? पोलीस तपास बंद करायचा अहवाल पाठवतात तेव्हा आपल्या महाराष्ट्रात ए, बी आणि सी समरी असते. ती तुम्ही शेकड्यांनी टाइप केली असेल. गुन्हा खरा, पण छडा लागत नाही, ती ए. तक्रारच खोटी आणि द्वेषबुद्धीने केलेली, ती बी. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, ती सी. सगळं एकच असतं तर बी आणि सी असे दोन कप्पे कशाला केले असते? जुन्या दंड संहितेचं कलम २११, जे १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम २४८ झालं, तेही नुसत्या खोट्या आरोपावर शिक्षा देत नाही. आरोपाला न्याय्य आधार नाही हे माहीत असताना, इजा करायच्या हेतूने तो केला, हे दाखवावं लागतं. गंमत म्हणजे कायद्याच्या इंग्रजीत आरोप ‘फॉल्स’ असतो आणि ‘फॅब्रिकेट’ होतो तो पुरावा, जुन्या कलम १९२ मध्ये. रोजच्या इंग्रजीतही या शब्दांची कामं वाटलेली आहेत. ‘ट्रम्प्ड-अप’ बहुतेक वेळा ‘चार्जेस’ला चिकटून येतो आणि त्यात सत्ता हाती असलेल्याने रचल्याचा वास असतो. ‘फ्रेम’ केला जातो तो माणूस: चोरी खरीच झालेली असू शकते, पण माल भलत्याच्या पिशवीत सापडतो. निर्दोष सुटला म्हणजे आरोप बनावट होता असं मानणं, ही तर आणखी वेगळी चूक. पण बातमीच्या मथळ्यात तेही सर्रास खपून जातं.

तिसऱ्या फटक्यावर तुमच्याशी भांडायचं कारणच नाही. मराठी गरीब आहे असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना तसं झालं खरं. आळ, बालंट, किटाळ, कुभांड, कांगावा, बनाव: यादी करायला बसलो तर हात दुखतील. आळ ‘येतो’, जणू पावसासारखा, करणारा कुणी असो वा नसो. कुभांड मात्र ‘रचावं’ लागतं. इंग्रजीतल्या ‘कन्कॉक्ट’च्या (रचणे) पोटात लॅटिनमधलं शिजवणं आहे, आणि आपल्याकडे कट शिजतोच. ‘ॲस्पर्शन’चा (बदनामी) मूळ अर्थ शिंपडणं, आपण शिंतोडे उडवतो. शब्द आहेत, काकाजी. आपण ते वापरायचे सोडून सगळ्यांवर ‘खोटे आरोप’ हा एकच शिक्का मारतो, ही माझी तक्रार होती.

आपल्या नागपुरात आणखी एक भानगड आहे. इथे कुणी ‘मले फसवून टाकलं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा हिंदीतल्यासारखं म्हणजे ‘खोट्या केसमध्ये गोवलं’ असं म्हणायचं असतं. हे वाक्य मी मागे एका लेखात जसंच्या तसं वापरलं, तर पुण्याच्या एका वाचकाने काळजीने विचारलं, “किती रुपयांना?”

शेवटी एक शंका, तुम्हीच फेडू शकाल. दाव्याच्या उत्तरात ‘खोटा, खोडसाळ व लबाडीचा’ किंवा इंग्रजीत ‘फॉल्स, फ्रिव्होलस अँड व्हेक्सेशस’ ही तिकडी एका दमात यायची ना? शॉर्टहँडमध्ये तुम्ही तिन्ही शब्द वेगवेगळे काढायचात की तिघांना मिळून एकच रेघ? एकच असेल तर तुमचा दुसरा मुद्दा कुठून आला ते मला कळलं.