आधी वकील घ्या, स्ट्रायकर नंतर बघू

परवा एका मित्राला सहज विचारलं, तुमच्या फुटबॉल क्लबचा नवा स्ट्रायकर कसाय रे? पठ्ठ्याने अर्धा तास मला अमॉर्टायझेशन शिकवलं, म्हणजे खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटायची हिशोबाची पद्धत. गडी डाव्या पायाचा की उजव्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हटलं आता आपणच गाइड काढावं. तर भावी क्लबमालकांनो, वह्या काढा.

करार लांबलचक करा. 8 कोटी पाउंडांचा खेळाडू 5 वर्षांसाठी घेतला तर हिशोबात वर्षाला 1.6 कोटी, 8 वर्षांसाठी घेतला तर फक्त 1 कोटी. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने एन्झो आणि मुद्रिक या खेळाडूंना साडेआठ-साडेआठ वर्षं बांधून घेतलं ते काय प्रेमापोटी? मग 2023 मध्ये आधी युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) आणि नंतर इंग्लंडच्या प्रीमियर लीगने खर्च वाटायला 5 वर्षांची मर्यादा आणली, पण झालेल्या करारांना हात लावला नाही. तेव्हा नियम यायच्या आत उरकून घ्यायचं.

लीगच्या मर्यादेपेक्षा तोटा फार दिसतोय? हॉटेल विका. कुणाला म्हणजे काय, स्वतःलाच! चेल्सीची दोन हॉटेलं मालकांच्याच दुसऱ्या कंपनीने 7.65 कोटी पाउंडांना घेतली आणि लीगने ते चालवूनही घेतलं. ही पळवाट बुजवायचा प्रस्ताव 2024 मध्ये आला तर क्लबांनीच पुरेशी मतं दिली नाहीत. प्रत्येकाला वाटतं, उद्या आपल्यालाही लागेल.

पगाराची मर्यादा आडवी येतेय? दुसरा कुणी जखमी होईपर्यंत थांबा. स्पेनच्या बार्सिलोनाने क्रिस्टेन्सन या आपल्या खेळाडूच्या दुखापतीच्या जोरावर नव्या ओल्मोची नोंदणी केली, ती डिसेंबर 2024 ला संपली, मग अर्धवट बांधलेल्या स्टेडियमचे व्हीआयपी बॉक्स विकले, तरी तिथली लीग नाही म्हणाली, तर स्पेनच्या सरकारी क्रीडा परिषदेने जानेवारीत तात्पुरती परवानगी दिली. ओल्मो खेळला की मजेत.

चौकशीला कागद मागितले तर देऊ नका. 2020 मध्ये मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियमांवरून युएफाने घातलेली युरोपातली 2 वर्षांची बंदी क्रीडा लवादाने उठवली, काही आरोप जुने झाले म्हणून आणि काही सिद्ध झाले नाहीत म्हणून. सहकार्य केलं नाही म्हणून दंड राहिला, तोही 3 कोटी युरोंवरून 1 कोटीवर.

आणि आरोप थोडे नका ठेवू. प्रीमियर लीगमध्ये एव्हर्टनवर मार्च 2023 मध्ये जास्त तोट्याचा आरोप, नोव्हेंबरात 10 गुण कापले. सिटीवर त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे आधी, आर्थिक नियम मोडल्याचे 115 आरोप, आणि सुनावणी सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. सिटी सगळं नाकारतो, सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे मलाही कळतं, पण जेवढे आरोप जास्त तेवढा निवांतपणा जास्त हे कुठलं गणित? आणि एव्हर्टनचा कैवार घेऊ नका लगेच. तेव्हा 3 वर्षांत 10.5 कोटी पाउंडांपर्यंतचा तोटा चालायचा, त्यांनी 1.95 कोटी जास्त केला, तो हिशोब 2021-22 ला संपणारा. त्या सीझनला एव्हर्टन 39 गुणांवर वाचलं आणि बर्नली 35 वर खालच्या लीगमध्ये गेलं. अपिलानंतर दंड 6 गुणांचा ठरला. करा वजाबाकी, 33! पण गुण कापले कधी, 2023-24 मध्ये. तोवर बर्नली खाली जाऊन परत वर आलं होतं. मधल्या काळात टीव्हीचे पैसे गेले, टीम मोडली, ते कोण भरून देणार?

बास झालं. लीगवाल्यांनो, ही तुमची शिक्षा नाही, टाइमपास आहे. ज्या सीझनचा गुन्हा त्याच सीझनच्या टेबलात गुण कापता येत नसतील तर ज्याचं नुकसान झालं त्याला तरी काहीतरी द्या, आणि 115 असोत की एक, तारीख सगळ्यांना सारखी लावा. आणि तुम्ही, हॉटेल विकल्याच्या बातमीवर गोल झाल्यासारखे नाचणारे फॅन्स, उद्या तुमचाच क्लब दुसऱ्याच्या हिशोबापायी खाली गेला की माझ्याकडे नियम वाचायला येऊ नका. लाज वाटू द्या जरा.