नवं काढायचं तर काढा, जुन्याला हात का लावता?

डोकं फिरलंय माझं. जुना गेम पुन्हा खेळावा म्हणून चांगले पैसे मोजून ‘रीमास्टर्ड’, म्हणजे नव्याने चकचकीत केलेला, घेतला. एकट्याने खेळायचा गेम, तरी आधी लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, टाका, मग अकाउंट काढा, ओटीपी द्या, वर कित्येक जीबींचं अपडेट. शनिवारी संध्याकाळी लाइट गेली, वायफाय बंद. लॅपटॉपची बॅटरी फुल्ल, आणि गेम म्हणतो इंटरनेट तपासा! अरे, मूळ गेम सीडीवर यायचा, फोनची लाइन नसलेल्या घरातही चालायचा. म्हटलं मरू दे, तो मूळच विकत घेऊ. तर तो दुकानातून काढून टाकलेला. कारण काय, तर नवा आलाय.

नवं काढा ना, शंभरदा काढा. पण जुनं का हिसकावून घेता?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ हे तीन जुने गेम नव्या रूपात आले. ते यायच्या आधीच जुने तिन्ही ऑनलाइन दुकानांतून उतरवले होते. आणि बदल्यात काय दिलं? पाऊस सुरू झाला की पांढऱ्या रेघांपलीकडे काही दिसेना. पाट्यांवर स्पेलिंगच्या चुका. आणि सॅन अँड्रियासमधलं धुकं उडवलं! जुन्या मशीनला लांबचं दाखवणं झेपत नव्हतं म्हणून ते धुकं होतं, मान्य. पण त्याच धुक्यामुळे विमान वर नेलं की गेममधलं लॉस सांतोस शहर मागे विरून जायचं आणि सॅन फिएरो हे दुसरं शहर कुठेतरी फार लांब आहे असं वाटायचं. धुकं गेलं आणि माउंट चिलियाड या डोंगरावरून गेममधलं अख्खं राज्य एका नजरेत मावायला लागलं, गल्लीएवढं. ज्यांनी हे केलं त्यांना तो गेम मोठा का वाटायचा हेच कळलेलं नव्हतं. लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा कुठे जुने गेम पुन्हा विकायला ठेवले.

अडचणीतूनच तर हे गेम घडले. १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरकडे नवीन शत्रू काढायला मेमरीच उरली नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, बिट उलटेपालटे करून सावली बनवली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पुढच्या लेव्हलला आपल्या वाट्याची बाटली पिऊन पळते. शेवटी समोर येते तेव्हा तिच्यावर वार केला की रक्त आपलंच कमी होतं. तलवार म्यान केली तरच सुटका. पहिल्यांदा ते उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही अक्कल चकचकीत ग्राफिक्सने येत नाही.

‘वॉरक्राफ्ट ३’ चं तर वाटोळंच केलं. २००२ चा गेम, २०२० मध्ये ‘रिफोर्ज्ड’ आला. ज्यांनी नव्यासाठी पैसा दिला नव्हता, फक्त जुना विकत घेतला होता, त्यांनाही ऑनलाइन खेळायचं तर नवंच सॉफ्टवेअर उतरवायला लावलं. आला तेव्हा त्यात आधी असलेले क्लॅन, म्हणजे खेळाडूंचे गट, नव्हते, रँकिंग नव्हतं. विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरात शिरून बदलायची ही कुठली रीत?

आणि जमत नाही असं सांगू नका. ‘मंकी आयलंड’ची २००९ ची आवृत्ती बघा, एफ१० दाबलं की जागच्या जागी जुनी चित्रं. ‘स्टारक्राफ्ट’ २०१७ मध्ये नवा झाला तेव्हा एफ५ दाबून जुन्या-नव्यात ये-जा करता यायची, आणि मूळ गेम तर फुकटच देऊन टाकला. त्यांचं काय नुकसान झालं?

आम्ही फुकट मागत नाही. जुन्याचे पैसे घ्या, हवे तर नव्याइतकेच घ्या, पण विकायला ठेवा. तुम्ही विकत नाही म्हणून माणूस कुठल्यातरी व्हायरसने भरलेल्या साइटवरून तो उतरवतो, आणि मग पायरसी वाढली म्हणून तुम्हीच बोंब मारता.